नवऱ्याला पॉर्नचं व्यसन आहे हे कळल्यावर काय करायचं : पहिल्या रात्रीपासून पुढच्या वर्ष-दीड वर्षापर्यंत

हे लिहू का नको यातच माझे बरेच महिने गेले. शेवटी लिहून काढलं अन् आधी ह्यांनाच वाचायला दिलं, दोन ठिकाणी ते म्हणाले "एवढं नको लिहू", ते काढलं, बाकी सगळं त्यांच्या संमतीने आहे. आम्ही परभणीकडच्या एका गावात राहतो, साडेचार एकर शेती, घरात सासू-सासरे अन् दोन लेकरं. लग्नाला बारा वर्षं झाली. २०१६ ला जिओ आलं, नेट स्वस्त झालं, अन् जे आधी कुठंतरी सीडीच्या दुकानात चोरून मिळायचं ते प्रत्येकाच्या खिशात येऊन बसलं. ह्यांचं तेव्हापासूनच चालू होतं, मला कळायला पाच-सहा वर्षं गेली.

मी डॉक्टर नाही, समुपदेशक नाही. पण मला जेव्हा कळलं तेव्हा रात्रभर मोबाईलवर मराठीत शोधत बसले होते की आता काय करू, अन् जे मिळालं ते सगळं नवऱ्यासाठी होतं, सवय कशी सोडावी, ब्रह्मचर्य, थंड पाण्याने आंघोळ वगैरे. बायकोने काय करायचं हे कुणीच लिहिलेलं नव्हतं. म्हणून हे. मी बायकोच्या बाजूने लिहितेय पण बाईला हे व्यसन असू शकतं, लग्न न झालेल्या जोडप्यातही असू शकतं, त्यांनी आपापल्या परीने वाचावं.

पहिली रात्र अन् पुढचे चार दिवस

मी काय केलं ते आधी सांगते कारण ते करू नका. रात्री दीड वाजता जाग आली, हे बाजूला नव्हते, बाहेरच्या खोलीत अंधारात मोबाईलचा उजेड. मी मोबाईल हिसकला, फरशीवर आपटला, सगळं घर उठवलं अन् आत्याबाईंना (सासूबाईंना) रडत रडत सांगून टाकलं. त्या म्हणाल्या "पुरुषाची जात हाय, चालायचंच, तू कशाला एवढं मनावर घेतीस". ह्यांनी दोन महिने माझ्याशी धड बोलणं केलं नाही, अन् फोडलेल्या मोबाईलच्या जागी आठ दिवसात दुसरा आला. म्हणजे बघा, माझं दुःख घरभर झालं, ह्यांची लाज घरभर झाली, अन् व्यसन होतं तिथंच राहिलं.

त्यामुळे कळल्याबरोबर काहीच करू नका. हे लई अवघड आहे मला माहितीये, हातपाय कापतात, छातीत धडधडतं, डोक्यात एकच गोष्ट फिरते. पण त्या अवस्थेत जे बोललं जातं ते परत घेता येत नाही. चार दिवस थांबा. त्या चार दिवसात एका कागदावर लिहा की नेमकं काय दिसलं, कधीपासून काय बदललं असं वाटतंय (झोप, चिडचिड, पैसे, जवळ येणं, लेकरांशी वागणं), अन् तुम्हाला सगळ्यात जास्त कशाचं लागलंय. माझ्या कागदावर शेवटी निघालं की बघण्यापेक्षा मला खोटं बोलण्याचं जास्त लागलं होतं, "झोप येत नाही म्हणून बातम्या बघतोय" हे मी वर्षानुवर्षं खरं मानलं होतं. हे स्वतःला कळलेलं असलं की पुढचं बोलणं सरळ होतं.

अन् कुणाला तरी सांगायचंच असेल, सांगावंच लागतं नाहीतर माणूस फुटतं, तर एकच माणूस निवडा. सासर-माहेरच्या भांडणात हे शस्त्र म्हणून वापरणार नाही असं माणूस. माझी मोठी बहीण होती. ज्या बहिणीच्या नवऱ्याची अन् तुमच्या नवऱ्याची उठबस आहे तिला मात्र सांगू नका, चार दिवसात पारावर जाईल.

हे खरंच व्यसन आहे का?

हे ठरवणं गरजेचं आहे कारण कधीतरी बघणं अन् व्यसन यात फरक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या नव्या यादीत, जी २०२२ च्या जानेवारीपासून लागू झाली, लैंगिक वागण्यावर ताबा सुटण्याला आजार म्हणून जागा दिलीये, त्याला कंपल्सिव्ह सेक्शुअल बिहेवियर डिसऑर्डर म्हणतात. दारूसारखं व्यसन म्हणायचं का आवेगावर ताबा नसण्याचा आजार म्हणायचा यावर तज्ज्ञांत अजून वाद आहे, पण घरातल्या माणसाला त्याने फरक पडत नाही. आपल्याला बघायचंय ते हे की माणसाने बंद करायचा बऱ्याचदा प्रयत्न केलाय अन् जमत नाहीये, झोप-काम-संसार यांचं नुकसान होतंय तरी चालूच आहे, बघून मजा येत नाही तरी बघितल्याशिवाय राहवत नाही, अन् हे सहा महिने किंवा जास्त चाललंय. असं असेल तर ते आजारात जातं.

त्याच व्याख्येत अजून एक गोष्ट आहे जी मला लई महत्त्वाची वाटते. नुसतं "मी पाप करतोय" असं वाटून जीव तळमळणं, तेवढ्याने आजार ठरत नाही. म्हणजे एखादा माणूस महिन्यातून एकदा बघतो, बाकी सगळं व्यवस्थित आहे, तर त्याला व्यसनी म्हणायचं कारण नाही. तुम्हाला ते मान्य नसेल, तुमच्या घरात नको असेल, तर ते म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, पण तो नवरा-बायकोने बसून ठरवायचा विषय आहे, दवाखान्याचा नाही.

अन् इथंच एक सांगून ठेवते. हस्तमैथुनाने वीर्य कमी होतं, धातू जातो, कंबर खचते, मूल होत नाही हे सगळं चुकीचं आहे. याच भीतीवर बसस्टँडजवळच्या भिंतीवरच्या जाहिराती चालतात, महिन्याच्या ठरलेल्या तारखेला लॉजवर येणारे गुप्तरोगवाले चालतात. आमचे हे मला कळायच्या आधी अशाच एकाकडे जाऊन पुड्यांचे हजारो रुपये देऊन आले होते अन् त्या पुड्यांनी फक्त पोट बिघडलं. तुमचा माणूस तसा कुठं चालला असेल तर रागवू नका, तो मदत शोधतोय हे त्यातून कळतं, फक्त रस्ता चुकलाय.

बोलायचं कुठं, कसं

आपल्या घरांमधे नवरा-बायकोला बोलायला जागा नसते हा पहिला प्रॉब्लेम. तीन खोल्या, एका खोलीत लेकरं, पातळ दार. घरात बोललात तर कुजबुजत बोलाल अन् कुजबुजत भांडणच होतं. शेतात जा, आखाड्यावर (शेतातल्या खोपीवर) बसा, नाहीतर गाडीवर औंढ्याला दर्शनाला म्हणून निघा अन् वाटेत कुठं झाडाखाली थांबा. गाडीवर किंवा चालता चालता बोलण्याचा एक फायदा असा की एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही, ह्यांना पहिल्यांदा जे तोंडातून निघालं ते धुऱ्यावरून चालतानाच निघालं.

वेळ अशी निवडा की ते दारू प्यालेले नसतील, फवारणी-काढणीचा ताण डोक्यावर नसेल, तुम्ही दोघंही जेवलेले असाल. सुरुवात आरोपाने केली की समोरचा माणूस वकील होतो. मी बहिणीजवळ बसून तीन-चार वाक्यं पाठ करून गेले होते, हसू नका, पाठ केली म्हणूनच बोलता आलं :

"अहो, मला तुमच्याशी एक बोलायचंय, भांडायचं नाहीये. रात्री तुम्ही मोबाईलवर काय बघताव ते मला माहितीये. मला लई वाईट वाटलं, त्याहून जास्त तुम्ही लपवलं त्याचं वाटलं. तुम्हाला ते सोडायचं हाय का, अन् सोडवत नाही असं होतंय का, एवढं सांगा."

शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. त्यात माणसाला खरं बोलायला दार मिळतं. बऱ्याच जणांनी स्वतःशी दहादा शपथ घेतलेली असते, देवाची शपथ घेतलेली असते, अन् मोडलेली असते. "सोडवत नाही का" असं कुणी विचारलंच नसतं.

पहिल्या वेळी बहुतेक नाहीच म्हणतील. "कुणी तरी ग्रुपवर टाकलं होतं", "सगळेच बघतेत", नाहीतर उलट तुमच्यावरच, "तू जवळ येत नाहीस म्हणून". ह्या शेवटच्यावर भांडत बसू नका, एवढंच म्हणा की "ते आपण येगळं बोलू, आता ह्याच्यावर बोला", अन् थांबा. एका बोलण्यात सगळं होत नसतं, आमचं पाचव्यांदा झालं.

काय विचारायचं अन् काय नाही हे पण सांगते. नुसतं बघणंच आहे का चॅट, व्हिडिओ कॉल, पैसे देणं, कुणाला भेटणं असं काही आहे, कधीपासून आहे, पैसे गेलेत का, कुठल्या लोन ॲपचं कर्ज झालंय का, कुणी ब्लॅकमेल करतंय का, हे तुम्हाला कळायलाच पाहिजे. पण कसले व्हिडिओ, कसल्या बाया, त्यात काय होतं, हे विचारू नका. मी विचारलं. ते सांगून मोकळे झाले अन् ती चित्रं माझ्या डोक्यात वर्षभर राहिली. अन् त्यांना सांगा की जे सांगायचं ते एकदाच सगळं सांगा, आज थोडं परवा थोडं असं नको. दर आठवड्याला नवीन काहीतरी बाहेर येत राहिलं की प्रत्येक वेळी जखम पहिल्यापासून होते.

व्हिडिओ कॉलवरून कपडे काढायला लावून रेकॉर्डिंग करायचं अन् पैसे मागायचे हा प्रकार आता गावोगाव पोचलाय. तसं काही निघालं तर एक रुपयाही पाठवायचा नाही, दिले की मागणी वाढते. स्क्रीनशॉट, नंबर, व्यवहाराच्या पावत्या जपून ठेवा अन् सायबर क्राईमच्या १९३० नंबरवर लगेच फोन करा. लाजेपायी माणसं जिवाचं बरंवाईट करून घेतात, त्यामुळे अशा वेळी दोन दिवस नवऱ्याला एकटं सोडू नका, भांडण नंतर.

मोबाईलचं काय करायचं

सगळ्यात जास्त चूक इथं होते, माझीही झाली. मी सहा महिने पोलिसगिरी केली. हिस्टरी तपासायची, बाथरूमला किती वेळ लागला मोजायचं, रिचार्जचा डेटा किती संपला बघायचं. त्याने ह्यांचं बघणं कमी झालं नाही, लपवणं पक्कं झालं, अन् मी स्वतः आजारी पडायला आले. पाळत ठेवली की दोघांमधे चोर-पोलीस सुरू होतो अन् चोराला रोज नवीन युक्ती सुचते. मोबाईलला कुंपण घालायचं ते त्यानेच स्वतःच्या हाताने, तुम्ही फक्त सोबत बसायचं. "मी तुमचा मोबाईल बंद करते" असं नको, "तुम्ही काय काय बंद करताव ते सांगा, पासवर्ड टाकायला मी बसते" असं.

आम्ही जे केलं अन् टिकलं ते सांगते. रात्री साडेनऊला घरातले सगळे मोबाईल, माझा पण, स्वयंपाकघरातल्या फळीवर चार्जिंगला. झोपायच्या खोलीत एकही नाही. अलार्मचं कारण निघतंच, म्हणून दुसऱ्याच दिवशी बाजारातून गजराचं घड्याळ आणलं. एवढ्या एकाच गोष्टीने निम्मा फरक पडला, खरंच.

दुसरं, अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमधे नेटवर्क किंवा कनेक्शनच्या आत "प्रायव्हेट डीएनएस" म्हणून असतं, तिथं इंग्रजीत "फॅमिली डॉट क्लाउडफ्लेअर हायफन डीएनएस डॉट कॉम" (family.cloudflare-dns.com) एवढं टाकून सेव्ह केलं की बहुतेक अश्लील साईट उघडत नाहीत, फुकट आहे. घरात वायफाय असेल तर राउटरच्या डीएनएसमधे १.१.१.३ अन् १.०.०.३ टाकायचं, दुकानवाला पोरगा पाच मिनिटात करून देतो, कशासाठी ते सांगायची गरज नाही, लेकरांसाठी म्हणायचं. आयफोन असेल तर स्क्रीन टाइममधे प्रौढ साईट बंद करायची सोय आहे, तिथला पासकोड दुसऱ्याने ठेवायचा. पण हे सगळं भिंतीसारखं नाही, काट्याच्या कुंपणासारखं आहे, ज्याला जायचंच आहे तो व्हीपीएन (अडवलेल्या साईट उघडून देणारं ॲप) टाकून जातो. सरकारने २०१८ ला कोर्टाच्या आदेशावरून आठशेच्या वर साईट बंद करायला लावल्या होत्या, तेव्हाही बघणारे बघतच होते. कुंपणाचा उपयोग एवढाच की हात सहज जात नाही, मधे दोन मिनिटं मिळतात विचार करायला. टेलिग्रामचे ग्रुप, व्हॉट्सॲपचे मित्रांचे ग्रुप, इन्स्टाच्या रील यांना डीएनएस अडवत नाही, ते ग्रुप त्यानेच सोडावे लागतात. ह्यांनी शाळासोबत्यांचा एक ग्रुप सोडला तर पोरं चिडवायला लागली, तेव्हा "मोबाईलची मेमरी भरली" म्हणून सांगितलं. तेवढं खोटं मी चालवून घेतलं.

ओढ कधी येते ते दोघांनी मिळून शोधा

एका साध्या वहीत त्यांनी पंधरा दिवस लिहायचं, बघावंसं कधी वाटलं, किती वाजता, कुठं होतो, आधी काय झालं होतं. व्हिडिओचं काहीच नाही, फक्त वेळ अन् कारण. ही वही त्यांची, तुम्ही न विचारता उघडायची नाही.

आमच्या वहीत जे निघालं ते मला कधीच सुचलं नसतं. शेतातल्या मोटरची थ्री फेज लाईट रात्रीच्या पाळीला असली की हे पाणी द्यायला शेतात, अकरा ते पहाटेपर्यंत आखाड्यावर एकटे, थंडी, झोप मोडलेली, हातात मोबाईल. सगळ्यात जास्त तिथंच होतं, अन् मी घरात हिस्टरी तपासत बसले होते. दुसरं म्हणजे पीककर्जाच्या हप्त्याचा विषय निघाला की, कापसाचा भाव पडला की, सासरे चार लोकात बोलले की. म्हणजे वासनेचा संबंध कमी अन् टेन्शन, एकटेपणा, थकवा, राग यांचाच जास्त. काही जण ऊसतोडीला जातात, काही वाळूजला नाहीतर चाकणला कंपनीत खोली करून राहतात, महिनोन्महिने बायकोपासून लांब, त्यांच्या वहीत दुसरं निघेल. लातूरला कोचिंगला असताना होस्टेलवर सवय लागलेली पोरं आता संसारी झालीत, त्यांचं अजून वेगळं.

कारण कळलं की इलाज साधा असतो. रात्रीच्या पाळीला ह्यांनी बटणाचा साधा फोन न्यायला सुरुवात केली, मोटरच्या ऑटो स्टार्टरला साध्या फोनवरूनही कॉल लागतो त्यामुळे काम अडत नाही. शेजारच्या शेतवाल्यासोबत पाळी जुळवली, दोघं मिळून चहा करून पितात. हप्त्याचा विषय रात्री काढायचा नाही, सकाळी चहाला काढायचा.

अन् ओढ आली तर काय? डॉक्टरांनी ह्यांना सांगितलेलं असं की ओढ लाटेसारखी चढते अन् बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत आपोआप उतरते, तिच्याशी मारामारी करायची नाही, तेवढा वेळ जागा बदलायची अन् हाताला काम द्यायचं. हे उठून गोठ्यात जातात. आमचा एक इशारा ठरलेला, शेतातून मला मिस्ड कॉल आला की मी परत फोन लावायचा अन् काहीही बोलायचं, उद्या भाजी काय करायची हे बोललं तरी चालतं, "काय झालं, परत तसलं वाटायलंय का" हे विचारायचं नाही. पण तुम्हाला रात्री-अपरात्री हे झेपत नसेल तर घेऊ नका, त्यांचा एखादा समजदार मित्र किंवा भाऊ हे करू शकतो.

घसरणार, तेव्हा

घसरतात. जवळपास सगळेच घसरतात. आमचं साडेतीन महिने नीट गेलं अन् पोळ्याच्या आदल्या रात्री घसरलं. मला वाटलं संपलं सगळं, साडेतीन महिने पाण्यात. तसं नसतं. रोज बघणारा माणूस साडेतीन महिन्यात एकदा घसरला, तर ते साडेतीन महिने गेले कुठं? त्या माणसाला नाही जमलं असं म्हणायच्या आधी वही काढा, बघा की त्या दिवशी काय वेगळं होतं.

ह्याच्यासाठी आधीच नियम ठरवून ठेवा : घसरलं तर चोवीस तासाच्या आत त्यांनी स्वतःहून सांगायचं. अन् त्यांनी सांगितलं तर तुम्ही त्या दिवशी शिव्याशाप द्यायचे नाहीत. राग येणार, रडू येणार, "मला आज बोलायचं नाही, उद्या बोलू" म्हणा, लेकरांजवळ जाऊन झोपा, चालेल. पण खरं सांगितल्याची शिक्षा मिळाली की पुढच्या वेळी खरं मिळत नाही. आणि स्वतःहून सांगितलं अन् तुम्हाला सापडलं यातला फरक मोठा ठेवा. सापडलं, ते पण तीन-तीनदा, तर मग घरातल्या घरात भागणार नाही, डॉक्टरकडे जायलाच हवं हे आधी ठरलेलं असू द्या.

तुमचं शरीर, तुमचं मन

हे मला आधी लिहायला पाहिजे होतं कदाचित. पहिला विचार प्रत्येकीच्या डोक्यात येतो तो हाच, की मी जाड झाले, मी काळी, मी दोन बाळंतपणांनंतर तशी राहिले नाही म्हणून. बायांनो, बहुतेकांची ही सवय लग्नाच्या आधीची असते, चौदाव्या-पंधराव्या वर्षापासूनची. तुम्ही तेव्हा त्यांच्या आयुष्यात पण नव्हता.

अन् "मी रोज जवळ गेले तर ते बघणार नाहीत" म्हणून स्वतःला औषधासारखं देत बसू नका. मी केलं तेही. व्यसन त्याने जात नाही अन् तुमच्या मनातून मात्र त्या गोष्टीची चव जाते. नको असेल तेव्हा नको म्हणायचं. व्हिडिओत बघितलेलं करून बघू असा हट्ट असेल तर तुम्हाला मान्य असेल तेवढंच. जबरदस्तीने तुम्हाला असले व्हिडिओ बघायला लावणं हे २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्यात लैंगिक छळात धरतात, तक्रारीच्या नमुन्यातच ते लिहिलेलं आहे. १८१ ही महिलांची हेल्पलाईन आहे, मारहाण असेल तर ११२.

कुणाकुणाला प्रत्यक्ष संबंधात ताठरता येत नाही असं होतं. त्याचा दोष लगेच व्हिडिओवर टाकू नका, शुगर-बीपी तपासा, टेन्शन बघा, दारू बघा. काही दिवस नुसतं जवळ बसणं, हातात हात घेणं, डोक्याला तेल लावून देणं, एवढंच ठेवलं अन् पुढचं काही करायचं नाही असं दोघांनी ठरवलं की त्या परीक्षेची भीती जाते. बाहेर कुठं संबंध आले असतील तर दोघांची तपासणी करून घ्या, सरकारी दवाखान्यात एचआयव्हीची तपासणी अन् समुपदेशन फुकट होतं, नाव बाहेर जात नाही.

तुमची स्वतःची झोप, तुमचं जेवण, बचत गटाची मीटिंग, भजनी मंडळ, काय असेल ते बंद पाडू नका. मी सगळं बंद केलं होतं, दिवसभर फक्त ह्यांचाच विचार, त्यांचा चेहरा आज कसा आहे, डोळे कसे आहेत. बहीण म्हणाली "त्याला मोबाईलचं लागलंय अन् तुला त्याचं लागलंय". लई झोंबलं पण खरं होतं.

डॉक्टर

मानसोपचार म्हटलं की आपल्याकडे "वेड्याचा डॉक्टर" अन् गावात कळलं तर पोरींच्या लग्नाला अडचण, हीच भीती. म्हणून पहिलं पाऊल फोनवरून टाका. टेलिमानस ही केंद्र सरकारची फुकट सेवा आहे, ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, नंबर १४४१६, चोवीस तास, मराठी निवडता येतं. मी पहिल्यांदा फोन केला तो माझ्यासाठी, ह्यांच्यासाठी नाही. काय बोलायचं कळत नव्हतं, एवढंच म्हणाले "माझ्या नवऱ्याला मोबाईलवर घाण व्हिडिओ बघायची सवय आहे अन् मला झोप लागत नाही". तेवढं पुरतं, पुढचं ते विचारतात.

प्रत्यक्ष दाखवायचं तर संभाजीनगरचा घाटी दवाखाना, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ मेडिकल कॉलेज, नांदेडचं विष्णुपुरीचं मेडिकल कॉलेज, लातूरचं सरकारी मेडिकल कॉलेज, इथं मानसोपचाराचा विभाग आहे, केसपेपरला फार पैसे लागत नाहीत. जिल्हा रुग्णालयातही मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे डॉक्टर असतात, आधी चौकशी करून जा की ओपीडी कोणत्या वारी आहे. गावातल्या कुणाची नजर नको असेल तर शेजारच्या जिल्ह्यात जा, आम्ही तसंच केलं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने पेशंटची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे, हे ह्यांना सांगितल्यावरच ते तयार झाले.

तिथं काय होतं? कुणी प्रवचन देत नाही. सगळी हकीकत विचारतात, उदासी, चिंता, दारू, झोप, आत्महत्येचे विचार हे तपासतात, कारण बऱ्याचदा खाली दुसरंच काही असतं. ह्यांना डिप्रेशन निघालं, दुष्काळाच्या वर्षापासूनचं, अन् हे व्हिडिओ त्यावरची फुंकर होती. मग बोलण्याचे सेशन, ज्यात विचार अन् सवय कशी तोडायची ते शिकवतात, त्याला सीबीटी म्हणतात, अन् गरज असली तर गोळ्या. गोळी डॉक्टरांनीच द्यायची अन् मधेच बंद करायची नाही, मेडिकलवाल्याला विचारून घ्यायची नाही. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आजारांच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात २०१४ पासून मोबाईल-इंटरनेटच्या अशा व्यसनांसाठी वेगळं क्लिनिक चालतं, म्हणजे हा आजार डॉक्टरांना नवा नाही, तुम्ही सांगितल्यावर कुणी तोंडाला पदर लावून हसणार नाही.

ते यायला तयारच नसतील तर तुम्ही एकट्या जा. माझे पहिले तीन सेशन माझेच झाले.

जिथं सांभाळून घ्यायचं नाही

काही गोष्टीत सोबत वगैरे काही नाही. लहान मुलांचे व्हिडिओ असतील तर ते बघणं, मोबाईलमधे ठेवणं सुद्धा गुन्हा आहे, पोक्सोखाली (लेकरांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा), सप्टेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने हे स्पष्ट केलंय. तिथं लेकरांची सुरक्षा पहिली, १०९८ ही लेकरांची हेल्पलाईन किंवा पोलीस. तुमचे तुम्हाला न सांगता व्हिडिओ काढलेत, कुणाला पाठवलेत, हा पण गुन्हा आहे. लेकरांसमोर लावणं, मारहाण, घरातल्या दुसऱ्या बाईकडे वाईट नजर, इथं आधी तुम्ही अन् लेकरं सुरक्षित जागी जा, माहेरी, बहिणीकडे, जिथं शक्य असेल तिथं, मग बाकीचं.

अन् असलं काहीच नसेल, माणूस वाईट नसेल, पण दोन वर्षं झाली अन् तो एक पाऊल पण टाकत नाही, तर? तर तुम्हाला काय सहन होतं अन् काय नाही हे त्याला तारखेसकट सांगा. "दिवाळीपर्यंत तुम्ही डॉक्टरला दाखवलं नाही तर मी वेगळ्या खोलीत झोपणार." पण तेच बोला जे करणार आहात. करणार नसाल तर तोंडातून काढू नका, धमकी वाया गेली की शब्दाची किंमत जाते.

किती दिवस लागतात

पहिले दोन-तीन आठवडे माणूस चिडचिडा होतो, झोप लागत नाही, उदास बसतो, तेव्हा वाटतं आधीचंच बरं होतं. ते जातं. आमचं सहा महिन्यांनी घरात बोलणं वाढलं, वर्षाने मी फळीवरच्या मोबाईलकडे न बघता झोपायला लागले. विश्वास मात्र त्याच्या मागून येतो, त्यांचं सुटून आठ महिने झाले होते तरी माझं पोट उजेड दिसला की गोळा व्हायचं. त्यांना ते आवडायचं नाही, "आता तर मी काहीच करत नाही" म्हणायचे. तेव्हा मी म्हणाले "तुमचं सुटलं, माझं अजून सुटलं नाही, तुम्हाला मी वेळ दिला तसा मला द्या". दिला त्यांनी. आता रात्रीच्या पाळीला गेले की बाराच्या सुमाराला त्या साध्या फोनवरून एक फोन येतो, मोटर चालू झाली म्हणून, मी बरं म्हणते अन् झोपते.